अजून शिकत्येच!

शेजारच्या दत्ता आगाश्यांची अपूर्वा आधी डॉक्टर झाली, मग एमडी झाली, आणि आता फुप्फुसांचं नि आयसीयूचं आणखी पुढचं शिक्षण घ्यायला मुंबईत राहिली. तेव्हापासून श्रीपतराव केतकरांना घरच्या बागेतला हापूसही आंबट लागू लागला.

"आमचा उन्मेष बारावीला दुसऱ्यांदा बसला, तर अख्ख्या रत्नागिरीत बोंब झाली," ते सलूनमध्ये सांगत. "आणि ही पोर तिशीला आली तरी परीक्षाच देत्ये, तिचं मात्र कौतुक! अहो, पहिल्यांदाच नीट शिकली असती, तर पुन्हा पुन्हा कशाला बसावं लागलं असतं?" आगाशे रस्त्याने जाताना दिसले की हे वाक्य जरा मोठ्याने होई.

त्या पावसाळ्यात श्रीपतरावांना न्यूमोनियाने असं काही धरलं, की त्यांना तडक मुंबईला हलवावं लागलं. घशात नळी, श्वास मशीनचा, आणि खाटेशी अपूर्वा. इतरांनी आशा सोडली, तरी ती काही हटली नाही. शेवटी नळीही तिनेच काढली आणि म्हणाली, "काका, आता काहीतरी बोला बघू. आवाज ऐकू दे."

त्यांच्या पत्नी हेमाकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. श्रीपतरावांनी अपूर्वाला खुणेने जवळ बोलावलं, तिचा हात घट्ट धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

 

"जीव वाचवलास गो पोरी," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तेवढं दत्त्याला सांगू नको."