सुटलेली तार

लूमच्या कापडाची डिझाइनं काढणाऱ्या सॉफ्टवेअरला नेत्राने लिहिलेली चाचणी चारशे वेगवेगळ्या कमांड द्यायची आणि निघालेलं प्रत्येक चित्र एकाच मंजूर नमुन्याशी ताडून बघायची. सगळी पास झाली, तरच तिची नोकरी पक्की होणार होती.

कामतघरच्या कारखान्यात कापड तपासणारे तिचे बाबा स्क्रीनवरच्या नमुन्याचे धागे बघून म्हणाले, "पोरी, तुझ्या नमुन्यातच एक तार सुटलेली हाय."

तिने सॉफ्टवेअर दुरुस्त केलं, तशी चारशेच्या चारशे चित्रं त्या चुकीच्या नमुन्याशी जुळेनात आणि नापास झाली.

"नमुना मंजूर झालाय. होतं तसं कर!" तिचे साहेब खेकसले. तिने केलं, आणि नोकरी पक्की झाली.

महिन्याभराने बाबांनी कारखान्यात विणलेले त्याच डिझाइनचे सगळे तागे बाद केले.



"नामा, कॉम्प्युटरनं पास केलेलं डिझाइन हाय हे. तुझीच नजर गेली," म्हणत कारखान्याच्या शेठने त्यांना घरी बसवलं.