दोन नावांची पाटी

छापखान्याच्या नव्या पाटीसाठी थोरल्याने लाकडात सगळी बाराखडी कोरली. अक्षरं अंगाने काटकुळी, पण पायांना जाड चौकोनी खूर, कुणाच्या बापाच्याने हलणार नाहीत अशी.

"दादा, सरळ रुंद अक्षरं घे की. एवढं रक्त कशाला आटवतोस?" धाकटा म्हणायचा.

"रुंद घेतली तर एकाच भावाचं नाव मावेल. मला दोघांची एका ओळीत हवीत."

पुढे पाय मोडून थोरला दोन महिने घरी पडला. कुबडी टेकत परत आला तेव्हा पाटी लागली होती.

"तुझंच खरं होतं दादा," धाकटा म्हणाला. "दोन नावं एका ओळीत आरामात बसली."

थोरल्याने मान वर केली. पहिलं नाव धाकट्याचं होतं. दुसरं त्याच्या मेव्हण्याचं.