वर्षाचा पास

पास टेकवल्यावर दिवा हिरवा लागला, तरी प्राणिसंग्रहालयाच्या फाटकावरच्या मुलीनं हात आडवा घातला. "एक मिनिट हं, आजी. हा पास तुमचा नाही."

रोझविथानं हातातला पास पहिल्यांदाच नीट बघितला. फोटोत आखूड केसांची, हसऱ्या डोळ्यांची बाई होती. खाली नाव, हेर्मिने वेसेली. म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या ओटोकारची बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

मागे रांग खोळंबली. बाबागाडीवाल्या एका बाईनं उगाच घसा खाकरला. रोझविथाचे कान तापले. इथवर दिवस किती छान गेला होता. सकाळी दोघांनी शोनब्रुनचा राजवाडा आतून बघितला. तिचा जन्म व्हिएन्नात गेला, पण शाळेच्या सहलीनंतर तिनं आत पाऊल टाकलं ते आजच. मग हातात हात घालून ते बागेतून टेकडी चढले. वाटेत ओटोकारनं 'हान्सी, हान्सी' करत खारींना अक्रोड वाटले. या गावात झाडून सगळ्या खारींचं नाव हान्सीच. वर कॉफी घेताना त्यानं कपाकडे बघत विचारलं, माझ्याकडे राहायला याल का? "प्राणी बघून झाले की सांगते," ती म्हणाली. उत्तर 'हो'च होतं. त्याला जरा ताटकळत ठेवायची हौस होती, एवढंच.

आणि फाटकाशी येताच त्यानं कोटातून दोन पास काढले, एक तिच्या हातात ठेवला. आपल्यासाठी वर्षाचा पास काढला, या कल्पनेनं ती विरघळलीच होती.

ओटोकार जन्मभर ट्राममधला तिकीट तपासनीस. साध्या कपड्यांत चढायचा, गप्प उभा राहायचा, मग हळूच बिल्ला काढायचा. दुसऱ्याच्या पासावर फिरणाऱ्यांची तर त्याला विशेष चीड. त्यांच्या सबबी तो नकला करून सांगायचा आणि रोझविथा हसून बेजार व्हायची. तोच ओटोकार आता बुटांकडे बघत म्हणाला, "गडबडीत चुकून दुसराच पास आला." त्याच्या नकलांमधली ही सगळ्यात जुनी सबब.

"किती हा चिक्कूपणा," रोझविथा त्याच्या कानाशी पुटपुटली. "गेलेल्या बायकोच्या पासावर मला आत न्यायला निघालात? मला सांगायचं होतं. मी काढलं असतं माझं तिकीट." तिला त्याची लाज वाटली, आणि अशा माणसाचा हात धरून आपण बागभर मिरवलो याची त्याहून जास्त.

फाटकावरची मुलगी बिचारी मवाळ होती. "दंडबिंड काही नाही, आजोबा. या आजींचं तिकीट तेवढं काढा. आणि पुढच्या वेळी ज्यांचा पास आहे त्यांनाच आणा. चालू आहे त्यांचा, गेल्या महिन्यातच तर नवा केलाय."

रोझविथाला आधी कळेना. तिनं पास डोळ्यांजवळ नेला. तारीख पुढच्या वर्षाची होती.

"नवा केला? कुणी?"

ओटोकार रांगेतून बाजूला झाला. लाल होऊन होऊन त्याचा चेहरा आता पांढरा पडला होता. "दरवर्षी तिचा बंद करायलाच जातो," तो म्हणाला. "खिडकीतली बाई विचारते, दोन्ही ना, नेहमीसारखे? मागे माणसं उभी असतात. तेवढ्या लोकांत काय सांगायचं? मी हो म्हणतो."

"आणि आज मला कशाला दिलात?"

"वाटलं, तुम्ही तो वापरलात की सुटेन मी."

रोझविथानं मान खाली घातली. आपण त्याला चिक्कू म्हणालो, तो शब्द आता तिचा तिलाच टोचत होता. दुसऱ्या बाईच्या नावावर आपल्याला आत सरकवलं जात होतं, हेही तिला कळलं होतं. राग यायला हवा होता, पण येईना. इतकी ओशाळी ती या वयात कधी झाली नव्हती.

तिनं कोटाच्या बाहीनं पासावरचा फोटो पुसला. पास त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

"मला पुन्हा कधीतरी विचारा, ओटोकार," ती म्हणाली. "आज तुम्ही दोघंच आत जा."