बिमुर्झाची गोष्ट

म्हाताऱ्याने तोंड उघडलं आणि पहिल्याच वाक्याला नेद्याल्का चपापली. ही जॉर्जियन भाषा नव्हती.

बल्गेरियात, डॅन्यूबकाठच्या बागेत दुपारपासून माणसं लोटली होती. तिकीट नव्हतं, त्यामुळे अर्धं रूसे शहर तिथे होतं. सेनेगलचे ढोल वाजून झाले होते, पोलंडच्या नाचणाऱ्या मुली घाम पुसत खाली उतरल्या होत्या, आणि आता गोष्टींची पाळी होती. मंचावर दोन खुर्च्या. एकीवर जॉर्जियाच्या डोंगरातून आलेला बिमुर्झा, डोक्यावर करडी लोकरी टोपी. दुसरीवर दुभाषी म्हणून नेद्याल्का. त्याची गाडी उशिरा पोचली, म्हणून दोघांचं आधी बोलणंच झालं नव्हतं.

नेद्याल्काने लग्नानंतरची वीस वर्षं जॉर्जियात काढली होती. नवरा गेला, आणि गेल्या हिवाळ्यात ती दोन पेट्या घेऊन बहिणीकडे परत आली. तिला ठाऊक होतं, वर बर्फात राहणाऱ्या स्वान लोकांची भाषा वेगळी असते. खालच्या गावांतल्या माणसांनाही ती समजत नाही. निमंत्रणात ‘घरच्या भाषेत सांगा’ असं लिहिलेलं होतं. म्हाताऱ्याने ते अगदी मनावर घेतलं होतं.

पहिल्या रांगेत पावलिना बसली होती, तिची थोरली बहीण. हा उत्सव तिच्याच कचेरीने भरवला होता. सकाळीच ती म्हणाली होती, "समितीत सगळ्यांशी भांडून तुला तिथे बसवलंय. माझं नाक कापू नकोस."

"ताई, वीस वर्षं मी तिथे काय शेळ्या राखल्या का?"

"राखल्याही असशील. मला कुठे पत्रं लिहायचीस?"

बिमुर्झा तीन वाक्यं बोलला आणि थांबला. मग तिच्याकडे बघत राहिला. एवढ्या बोलण्यात तिला एकच शब्द ओळखीचा वाटला होता, अस्वल. तोही खात्रीने नाही. समोर हजारभर माणसं वाट पाहत होती.

"एका डोंगरात एक अस्वल होतं," नेद्याल्का म्हणाली. "आणि एक बाई होती. लग्न होऊन डोंगरापलीकडे गेलेली."

म्हाताऱ्याने भुवया उंचावल्या. पकडली गेले, तिला वाटलं. पण त्याने मान डोलावली आणि तो पुढे बोलू लागला, सावकाश, हात लांब करून, दूर कुठेतरी बोट दाखवत.

मग तिने फार विचार करणंच सोडून दिलं. बाईचा नवरा मेला, असं तिने सांगितलं. बाई भर थंडीत माहेरी निघाली, आणि कधीकाळी तिने भाकरी घातलेलं अस्वल तिच्या मागे मागे चालू लागलं. बोलणं मागेपुढे होत होतं, तो दोन वाक्यं, ती दोन वाक्यं. तिने बाईला गुडघाभर बर्फात रुतवलं, तर त्यानंतर म्हाताऱ्याने बोलता बोलता गुडघ्याला हात लावला. नशीब, तिला वाटलं. डोंगरातल्या गोष्टीत बर्फ असायचाच. पुढे तो खुर्चीतल्या खुर्चीत जडपणे डुलू लागला, अस्सल अस्वलासारखा. लोक हसले. नेद्याल्काचाही श्वास जरा मोकळा झाला.

"बाई माहेरच्या दाराशी पोचली," ती म्हणाली. "पण दार वाजवायला तिचा हात उचलेना. वर्षानुवर्षं ना पत्र, ना निरोप. आत काय तोंड दाखवणार? शेवटी अस्वलानेच दारावर पंजा मारला. बहिणीने दार उघडलं. अस्वलाकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं. म्हणाली, पाय पुसा आणि आत या दोघं."

म्हाताऱ्याने शेवटची वाक्यं फार हळू उच्चारली आणि टोपी काढली. टाळ्या थांबेनात.

मंचामागे पावलिना आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं.

"त्या म्हाताऱ्याला कसं कळलं गं?"

"काय कळलं?"

"काही नाही. आज बनित्सा करते, तुला आवडते तशी, भरपूर चीज घालून." ती रुमाल चाचपत राहिली. "आणि तुझ्या झुराबचा फोटो पेटीतून काढ. भिंतीवर लावू. किती दिवस कोंडून ठेवणार आहेस त्याला?"

नवऱ्याचं नाव पावलिनाच्या तोंडून नेद्याल्का पहिल्यांदाच ऐकत होती. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं तिला झालं. फक्त एक काम उरलं होतं, आणि ते टाळलं असतं तर तिच्या घशाखाली घास उतरला नसता.

बिमुर्झा एका खोक्यावर बसून पाणी पीत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि जॉर्जियनमध्ये म्हणाली, "आजोबा, मला माफ करा. तुमच्या भाषेतलं अक्षरही मला कळत नाही. मी सगळं मनचं सांगितलं. तुमची गोष्ट मी बुडवली."

"कुठली गोष्ट?" म्हातारा म्हणाला. चक्क बल्गेरियनमध्ये, आणि तीही गोदीतल्या हमालांच्या वळणाची.

नेद्याल्काने मागे वळून पाहिलं, दुसरंच कुणी बोललं की काय.

"तुमच्याच वर्नाच्या बंदरात नऊ वर्षं क्रेन चालवली मी," तो म्हणाला. "गावात चुलीभोवती वीस माणसं असतात, पोरी. इथे एवढी डोकी पाहिली आणि तिसऱ्या वाक्याला सगळी गोष्टच डोक्यातून पुसली गेली. पुढचा एक शब्द आठवेना. तू नसतीस तर आज मी तिथेच मेलो असतो."

"मग पुढे अर्धा तास तुम्ही काय बोलत होतात?"

"तू सांगत होतीस तेच," म्हातारा म्हणाला. "माझ्या भाषेत."