बोटीचं तेल

या, जरा जवळ सरका. एका जुन्या ट्रकची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण देवाचं नाव घेऊन सांगावी अशी.

बोईसरच्या गॅरेजात महादू मेकॅनिकनं सातपाटीच्या येसूबाईचा ट्रक दुरुस्तीला घेतला होता. चाकांना ओंडके लावले, पुढचं बॉनेट उघडलं आणि ब्रेकच्या तेलाच्या डबीत बोट बुडवून नाकाशी नेलं. डबीच्या झाकणातलं रबर फुगून बेढब झालं होतं.

"यात भलतंच तेल पडलंय. कोणी घातलं?"

"मी नाय," येसूबाईचा मुलगा निमेश म्हणाला. ट्रक तोच चालवायचा.

येसूबाईनं पदर सारखा केला. "मी घातलं. दसऱ्याला. आमच्या बोटीच्या सुकाणूचं तेल हाय ते. बोटीची पूजा केली नि तिच्यातलं झाकणभर गाडीला दिलं. वीस वर्षं ती बोट माणसं घरी आणते. म्हटलं, गाडीनं पण आणावी."

"बरं झालं आये, वर जाळं नाय टाकलंस," निमेश म्हणाला.

महादू हसला नाही. "मावशी, तुमच्या भावात खोट नाय. पण ब्रेकच्या रबराला हे तेल सोसत नाय. फुगतं, मग फाटतं. घाटात पाय दाबाल नि गाडी ऐकणार नाय."

दुसऱ्या दिवशी जव्हारचा बाजार होता. दर बाजाराला गावच्या अकरा बायका सुके बोंबील घेऊन ट्रकात मागं बसायच्या.

"आजच्यापुरती ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून दे ना," निमेश म्हणाला. "उद्या जाऊन येतो, मग काय ते कर."

महादूनं झाकणातलं फुगलेलं रबर काढून येसूबाईच्या हातावर ठेवलं. 

"उद्या कोणी जाणार नाय," ती म्हणाली. "बायांना मी सांगते. एक बाजार गेला तर गेला."

तिसऱ्या दिवशी सगळी रबरं नवी बसली, नळ्या धुऊन झाल्या, ब्रेकचं सीलबंद तेल भरलं. आता नळ्यांत शिरलेली हवा काढायची, नाहीतर पेडल पोकळ जातं. त्याला दोघं लागतात, एक पेडलवर, एक चाकाशी. निमेश चढायला लागला, तर येसूबाईनं त्याला बाजूला केलं आणि लुगडं सावरून स्वतःच सीटवर बसली.

महादू चाकामागं आडवा झाला. "मावशी, मी बोलेन त्याला जाब द्यायचा. नि सोडा म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाय. उचललात की हवा परत आत."

"दाबा."

"दाबलं."

महादू चाकामागचा छोटा बोल्ट सैल करी, नळीतून बुडबुड्यांसकट तेल बाटलीत उतरे, की तो बोल्ट पुन्हा आवळी.

"सोडा."

"सोडलं."

कीर्तनात बुवांच्या मागं टाळकऱ्यांनी ओळ उचलावी, तसं ते चाललं. चौथ्या चाकाला तिची पोटरी थरथरायला लागली. तिनं दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला, पण पाय हलू दिला नाही. शेवटी नळीत एकही बुडबुडा उरला नाही.

पुढच्या बाजाराहून परतताना घाटातल्या वळणावर पेंढ्यानं भरलेला टेम्पो बंद पडून आडवा उभा होता. निमेशनं पेडल दाबलं. ट्रक पंधरा-वीस हात अलीकडेच थांबला, इतका सावकाश, की रिकाम्या टोपल्यांना टेकून झोपलेल्या बायकांतली एकही जागी झाली नाही.

काय टळलं हेच ज्यांना कळलं नाही, त्यांना महादू कसा आठवणार? तुम्ही जागे आहात. तुम्ही तेवढा आठवा.