पॅकिंगची सुधारणा

बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंग विभाग कायम मागे पडायचा. महिन्याभरात सुधारणा झाली नाही, तर काम बाहेर देऊ, असं मालकांनी बजावलं होतं. नव्या सुपरवायझर मृणालिनी देवस्थळींनी कंबर कसली आणि आधीपासून दिवसातून दोनदा होणारी सगळ्या बायकांची बैठक दर तासाला घ्यायला सुरुवात केली. काम आणखीच रखडलं.

शेवटी हात टेकून त्यांनी तिथल्या जुन्या शेवंताबाईंना विचारलं, "मावशी, अडतंय तरी कुठं?"

"रागवू नका, मॅडम. तुम्ही आम्हाला समजावत बसता, तेवढ्या वेळात चाळीस खोकी भरून झाली असती."

मृणालिनीबाईंचे कान तापले. मग त्यांना स्वतःचंच हसू फुटलं. त्या दिवसापासून सगळ्याच बैठका बंद झाल्या.

महिनाअखेरीला पॅकिंगने सगळ्या विभागांना मागे टाकलं. मालकांनी कौतुकाने विचारलं, "नेमकं काय केलंत?"

"तोंड बंद ठेवलं, साहेब."