आंघोळ उरकलेली इमारत

मुलींच्या वसतिगृहाला पाणी कमी लागतं असं सिद्ध झालं, की डॉ. निंबकरांना अधिष्ठातापद मिळणार होतं, वर बंगला. एवढ्या लाभापुढे यामिनीच्या डोक्यावरचा शाम्पूचा फेस तो काय!

त्यांची ही संशोधक विद्यार्थिनी फेसावर टॉवेल गुंडाळूनच केबिनमध्ये आली.

"सर, नळ गेला."

"जाणारच. संगणकात तुमच्या वसतिगृहाचं मॉडेल केलंय ना, त्या जुळ्या इमारतीत तुमच्या आंघोळी उरकल्या. नळ आता तिच्याच हिशेबाने सुटतो."

"माझे केस धुऊन व्हायचेत!"

"मॉडेल बरोबर आहे. तुझे केस लांब आहेत."

"मोजमापं कुठे घेतली होतीत?"

"मुलांच्या वसतिगृहात. तिथे परवानगी लगेच मिळाली."

"मग मॉडेल सुधारा ना."

"अहो मॅडम, छापून आलेलं मॉडेल सुधारतात होय? तुमच्या प्रबंधावर माझी सही व्हायची आहे अजून."

पाहणी समिती यायच्या आधी वसतिगृहात न्हावी आला. पहिली खुर्चीत बसली ती यामिनी.

समितीला खरी आणि संगणकातली, दोन्ही इमारती तंतोतंत जुळलेल्या दिसल्या. निंबकर अधिष्ठाता झाले, विद्यापीठाला हरित पुरस्कार मिळाला, यामिनीला सही मिळाली. न्हाव्याची मजुरी तेवढी मुलींच्या मेसच्या बिलात लागली.